चांगुणा आणि सापाची दुनळी

बंदूक दुरुस्तीला आली की चांगुणा आधी तिचं माहेर विचारायची.

गिऱ्हाईक दुनळीच्या पाठीवर कोरलेल्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवायचं. "हे काय, वरतीच लिहिलेलं हाय की."

"ते सासर," चांगुणा म्हणायची. "तिथं हिला दस्ता बसला, घोडे बसले, नकशी झाली. मी माहेर इचारून राहिले. पोलाद कुठलं?"

बंदुकीला माहेर असतं हे ज्याला त्याच घडीला कळलेलं असायचं, तो बापडा रामकिशनकडं बघायचा. रामकिशन म्हणजे चांगुणाचा नवरा. हिंगोलीतलं हे बंदूक दुरुस्तीचं दुकान आणि त्याचा परवाना त्याच्याच नावावर होता. तो कानस चालवता चालवता, मान वर न करता म्हणायचा, "सांगून टाका. न्हाई सांगितलं तं ती चहा टाकत न्हाई."

चांगुणा साखऱ्याच्या लोहाराची लेक. भात्याशेजारी वाढलेली. लोखंड कोणत्या रंगाला मऊ येतं हे तिला भाकरी थापायच्या आधी कळलं होतं. पण बंदुकांशी तिची गाठ पडली ती नवऱ्याच्या डोळ्यांमुळं. नव्वद सालानंतर कधीतरी रामकिशनला चाळिशी लागली. त्यानं चष्मा आणला. चष्म्यातून पेपर दिसायचा, लोखंड काही दिसायचं नाही. एक दिवस ती दारात मेथी निवडत बसली होती. त्यानं एक उघडी नळी आणून मेथीवरच ठेवली.

"हे बारीक काय हाय, बघ बरं."

चांगुणानं पदरानं नळी पुसली, उन्हाकडं तिरकी धरली. "पेंढी हाय."

"कसली पेंढी?"

"कडब्याची. मधी आवळून बांधलेली."

रामकिशनचा चेहरा असा खुलला की जणू बायकोनं त्याला गोड बातमी सांगितली. पेंढी कडब्याची नव्हती, गव्हाची होती, आणि ती इंग्लंडातल्या एका नामी पोलादाची खूण होती. हे त्याला उस्तादानं कधीकाळी शिकवलेलं होतं, पण खूण दिसल्याशिवाय शिकवलेलं काय कामाचं? त्या दिवसापासून नळीचं पोट बघायचं काम चांगुणाकडं आलं. खालचं लाकूड काढायचं, नळी मांडीवर उताणी घ्यायची, रॉकेलनं मळ काढायचा, मग पोरांच्या पाटीवरचा खडू वरून घासायचा. खोलगट भागात खडू बसला की ठसा उठायचा. गव्हाच्या पेंढीला ती पेंढी म्हणे. एकमेकींत अडकलेल्या तीन गोल कड्या ही जर्मनीच्या क्रुप कारखान्याची खूण. त्या तिच्या लेखी तीन बांगड्या. आणि एक होती चांदणीवाली. बाईचा एका बाजूनं दिसणारा चेहरा, डोक्यावर चांदणी. ते चेकोस्लोव्हाकियाचं पोलाद, पण एवढा मोठा शब्द तोंडात फिरवण्यापेक्षा चांदणीवाली बरी.

या चांदणीवालीवरून एकदा मजाच झाली. आखाडा बाळापूरचे संतराम म्हणून एक म्हातारे शेतकरी बंदूक घेऊन आले. खालचं लाकूड काढलं तर त्या बाईच्या कपाळाला कुंकू. संतराम हात जोडून म्हणाले, "भवानी हाय. आमी दर अष्टमीला लावतो."

चांगुणानं त्यांना मऊपणानं सांगायचा प्रयत्न केला. ही भवानी नव्हे, कारखान्याची खूण आहे, आणि ती बाई म्हणे त्या कारखानदाराची बायको होती.

संतरामांनी जरा विचार केला. "सवाशीण व्हती ना?"

"व्हती असंल की."

"मंग ऱ्हाऊ द्या कुंकू."

चांगुणानं राहू दिलं. एवढं बरोबर उत्तर तिलाही सुचलं नसतं.

तर हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. घरोघरी घट बसले होते. सकाळी सेनगावच्या जीपमधून साखऱ्याचे मसाजी उतरले. काखेत घोंगडीत गुंडाळलेली लांबट वस्तू आणि मागं बायको, सत्यभामाबाई. मसाजींची मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती, रानडुकरांपासून पीक राखायला आज्यापासून चालत आलेली दुनळी होती. साखऱ्यातली म्हणून चांगुणा त्यांची गावची बहीण, त्यामुळं रामकिशन दाजी.

"या वैनी," चांगुणा सत्यभामाबाईंना म्हणाली. "दसऱ्याच्या तोंडावर घर सोडून काहून?"

"ह्यांना इचारा," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि घोंगडीवरचा हात काढला नाही. जीपमध्येही त्यांनी तो काढला नसावा.

मसाजींनी घोंगडी उलगडली. त्या बंदुकीला साखऱ्यात नाव होतं. सापाची बंदूक. दोन्ही नळ्यांवर खालपासून वरपर्यंत काळपट वेटोळी, खवले खवले, जणू दोन धामणी शेजारी शेजारी निजल्या आहेत. गावाचा रिवाज असा की दसऱ्याला सगळा गाव शिलंगणाला शिवेवर जातो, आणि शीव ओलांडायच्या आधी मसाजींच्या घरचा एक खाली बार आभाळात उडतो. छर्रे काढलेलं काडतूस, नुसता आवाज आणि धूर. बार झाल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. चांगुणानं लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तो ऐकला होता आणि दरसाल तेवढ्याच जोरात दचकली होती.

"दाजी," मसाजी म्हणाले, "तुमी फकस्त व्हय म्हणा. मी परत जातो."

"कशाला व्हय म्हणू?"

मग सगळं बाहेर आलं. मागल्या वर्षी दूरच्या एका गावात असाच बार उडवताना कुणाची तरी जुनी नळी फाटली, माणसाचा अंगठा गेला. साखऱ्याच्या मंडळींनी मारुतीच्या पारावर बसून ठरवलं, यंदा रामकिशन मिस्त्रीनं होकार दिल्याशिवाय जुन्या बंदुकीनं बार नाही. आणि मसाजींचा चुलत भाऊ शिवशंकर, ज्यानं नुकतीच नवीकोरी बंदूक घेतली होती, तो पारावरच बोलला होता.

"काय बोलला?" चांगुणानं विचारलं.

मसाजींनी भावाचा आवाज काढला, नाकातून. "दादा, तुमच्या म्हातारीला आता आराम द्या. पोरीबाळीच्या हाती काम द्या. बार काय, मी उडवीन." मग स्वतःच्या आवाजात, "म्हातारी म्हनला. आज्याच्या बंदुकीला."

"वयानं तं हायच," रामकिशन म्हणाला. त्यानं नळीवरून अंगठा फिरवला. "हा साप अस्सल हाय का?"

"अस्सल म्हंजे? आज्यापासून हाय."

"मंग बार न्हाई."

रामकिशन बोलायला कंजूष, पण बंदुकीचं काही समजावून द्यायचं असलं की कानस खाली ठेवायचा.

"ऐका. जुन्या नळ्या दोन जातीच्या. एक सरळ पोलादाची, एकजीव. दुसरी पिळाची. लोखंडाच्या आन् पोलादाच्या बारीक पट्ट्या पिळायच्या, चाबकाच्या काठीला चामडं गुंडाळतात तशा सळईवर गुंडाळायच्या, आन् तापवून ठोकून जोडायच्या. त्या पिळाचीच अशी वेटोळी दिसतात. दिसायला राजा. पण ती काळ्या दारूच्या काळातली. आता काडतुसं येतात त्यातली दारू लई जोराची. शंभर वर्षांचा जोड कुठं सुटंल, सांगता येत न्हाई."

"आन् साप खोटा असला तं?"

"खोटा म्हंजे वरून काढलेला. पोलादाच्या नळीवर तेजाबानं नकशी काढायचे, महागाची दिसावी म्हणून. तिकडं बेल्जमात लई चालायचं. तसं असंल तं खाली पोलाद हाय. मंग बार उडंल."

मसाजींनी हिशेब लावला. तो त्यांच्या कपाळावर दिसत होता. "म्हंजे साप खरा म्हनावा तं बार जातो. बार राखावा तं आज्या फसला."

"बराबर."

मसाजी भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "आज्या मरून गेला. दसरा चार दिसांवर हाय. साप खोटा काढा."

चांगुणा फिस्सकन हसली. रामकिशन हसला नाही. "मी काय काढू? नळीच्या पोटाला पोलादाचा ठसा असंल तं चांगुणा काढंल. ठसा दिसला तं माझा व्हय. न्हाई दिसला तं न्हाई. गावानं माझ्या बोलण्यावर सोडलं, मंग मी अंदाजानं बोलू का? तुमचा अंगठा गेल्यावर ही मला घरात घेईल का?"

"न्हाई घेनार," चांगुणा म्हणाली.

दोघे पुरुष चहा प्यायला आणि मसाजींच्या मेंढरांचं औषध घ्यायला बाजाराकडं गेले. दुकानाच्या दारात दोघी राहिल्या. चांगुणानं खालचं लाकूड काढलं, नळ्या दस्त्यापासून सोडवल्या आणि मांडीवर घेतल्या. रॉकेलची बाटली उघडली.

"बाई," सत्यभामाबाई घाईनं म्हणाल्या, "खालूनच पुसा. वरून कशाला?"

"वैनी, मळ काय वरखाली बघून बसतो का?"

फडकं एकदा फिरलं. चांगुणा थांबली. फडकं काळं झालं होतं आणि धामणीचं शेपूट नाहीसं झालं होतं. तिनं फडकं नाकाशी नेलं. रॉकेलच्या आडूनही तो वास ओळखू येत होता. साखऱ्यात प्रत्येक घरात ओळखू येतो. मेंढीच्या खुराला, पायातल्या काट्याला, धुण्याच्या कपड्यावरच्या खुणेला, सगळ्याला तोच.

तिनं सत्यभामाबाईंचा उजवा हात धरला आणि उलटा केला. दोन बोटांची टोकं काळवंडलेली, कातडी सोलवटलेली. बिब्बा उतला होता.

"कधीपासून?" चांगुणानं विचारलं.

"मी आल्यापासून," सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या. "त्याआधी सासूबाई. त्यांनी मला दाखवलं. खंडेनवमीला पहाटं उठायचं. बंदूक चिंचेनं घासायची, भांड्यासारखी. मंग बिब्ब्याच्या तेलात काजळ कालवायचं आन् काडीनं साप काढायचा. माणसं उठायच्या आत. सासूबाई म्हनायच्या, त्यांच्या सासूनं चिंचेनं घासघासून साप घालवला, आन् आजेसासऱ्यांना कळलं तं त्या बाईला घरातून काढतील. मंग त्यांनी काढला. मंग मी काढला." त्यांनी नळीकडं पाहिलं. "यंदा लवकरच काढला. म्हनलं दाखवायला न्यायची हाय."

"खवले सुबक हायत," चांगुणा म्हणाली. ते तिला अगदी मनापासून वाटलं.

"ह्यांना सांगू नका. शिवशंकरची बायको हाय ना रागिणी, ती दारात येऊन हसंल. वर्षभर हसंल."

चांगुणा मात्र भलत्याच विचारात पडली होती. पिळाच्या नळ्या तिच्या मांडीवर कितीदा आल्या होत्या. झिजून फिकट झालेला पीळ असला आणि त्याला जरा लिंबू लागलं की तो पुन्हा वर यायचा. पोलादाची पट्टी वेगळी, लोखंडाची वेगळी, आंबटानं दोन्हींचा रंग निरनिराळा फिरायचा. पीळ नळीच्या अंगातच असतो, त्याला घासून घालवायचं तर नळीच संपवावी लागेल.

"वैनी," ती म्हणाली, "तुमच्या सासूच्या सासूनं चिंच लावली आन् साप गेला?"

"गेला म्हनून तं."

"खरा असता तं गेला नसता. खऱ्या सापाला चिंच म्हंजे दूध. दरसाली आनखी माजला असता." तिनं सत्यभामाबाईंच्या गुडघ्यावर चापट मारली. "पोलाद हाय हे. तुमच्या बिब्ब्यानंच सांगितलं. आता आमच्या ह्यांना एवढं सांगितलं की झालं."

सत्यभामाबाईंचा चेहरा पडला. "म्हंजे बिब्ब्याचं सांगावं लागंल."

"सांगावं लागंल."

"मंग बार शिवशंकरला जाऊ द्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण आवाज पक्का. "ह्यांचा आज्या फसला म्हनलं तं चालंल. त्यो मेलाय. ह्यांची बायको दरसाली फसवत आली म्हनलं तं कसं चालंल?"

चांगुणानं खडू दोन बोटांत फिरवला. मग म्हणाली, "न्हाई सांगत. पण मंग ठसा सापडला पाहिजे. तुमी बी बसा इकडं, उन्हाच्या आड नका येऊ."

आणि ठसा सापडेना. चिंच, राख, विटकरीची पूड, तीन पिढ्यांचे मजबूत हात. नळीचं पोट पितळी तांब्यासारखं गुळगुळीत झालेलं. चांगुणानं खडू घासला, पुसला, पुन्हा घासला. नखानं चाचपलं. एका जागी एक बारीक रेघ लागली. ती ओरखडा निघाली. दुसऱ्या जागी एक टिंब. तो गंजाचा खड्डा निघाला.

"एवढं घासायचं?" ती म्हणाली. "बंदूक हाय का परात हाय?"

"सासूबाईंना डाग चालायचा न्हाई."

"माझ्या सासूला चालायचा. म्हनून संसार झाला माझा."

तिनं नळी पुन्हा उलटीसुलटी केली. खालचं लाकूड जिथं अडकतं, तिथं दोन नळ्यांच्या बेचक्यात लोखंडाची एक आकडी होती. आकडीच्या पुढं, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागी, लाखेसारखा कडक, काळपट लाल गोळा बसला होता. तिनं तो तेलकट मळ समजून आधी सोडून दिला होता.

"हे काय?"

"कुंकू," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पूजेला नळी उताणी ठेवतो ना, लेकरासारखी. मंग तिथं बोट लावतो. हळद, कुंकू, तेल."

"आन् घासताना?"

"तेवढं सोडून घासतो. देवाचं कुंकू कुनी घासतं का?"

चांगुणाच्या हातातला खडू थांबला. एवढ्या लांब नळीवर चिंच लागली नाही अशी एवढीच जागा. तिनं रॉकेलचं फडकं उचललं आणि सत्यभामाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"रॉकेलनं न्हाई बाई. दसऱ्याच्या दिसांत न्हाई."

"मंग?"

सत्यभामाबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. दुकानाच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली होती, चांगुणाच्या वेणीची. त्यांनी नळी आपल्या मांडीवर घेतली, बोटभर तेल त्या कुंकवावर सोडलं आणि नमस्कार केला. "आई, जरा बाजूला सरक. काम हाय." मग पदराच्या टोकानं हळूहळू, लेकराच्या डोळ्यातली चिपडं काढतात तसं, त्या ते ओलं करत आणि पुसत गेल्या. पदर लाल झाला. चांगुणानं बांबूची काडी टोकदार करून दिली. जुनं कुंकू खपल्यांनी सुटू लागलं.

खडू लावायची गरजच पडली नाही. कुंकवाचा लाल रंग खोलगटात बसला होता. एक गोल. त्यात अडकलेला दुसरा. आणि वर तिसरा, एका बाजूनं जरासा झिजलेला.

"बांगड्या," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"तीन," चांगुणा म्हणाली, आणि तिनं त्यांना सांगितलं की जर्मनीचं पोलाद आहे, आणि आता तुमचा नवरा शिवेवर बार उडवणार. मग दोघींनी एकमेकींच्या हातावर टाळी दिली, तेलाच्या हातांनी.

पुरुष परत आले तेव्हा दोन्ही नळ्या लख्ख होत्या. चांगुणानं राहिलेला सापही पुसून टाकला होता. अर्धा ठेवून संशय कशाला.

मसाजी दारातच थबकले. "साप?"

"वरवरचा व्हता. रॉकेलनं गेला," चांगुणा म्हणाली. यात एकही शब्द खोटा नव्हता. "आन् हे बघा."

रामकिशननं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं, नळी उन्हात नेली, ठशावरून नख फिरवलं. मग जमिनीवर पडलेलं काळं फडकं उचललं, वास घेतला. त्यानं बायकोकडं पाहिलं. बायको नळीकडं पाहत होती. सत्यभामाबाई छताकडं.

"तीन कड्या हायत," रामकिशन म्हणाला, आणि फडकं कोपऱ्यातल्या डब्यात टाकलं. "पोलाद हाय. पण एवढ्यावर माझा व्हय न्हाई. आतून बघू द्या."

त्यानं नळ्यांतून उजेड पाहिला, बराच वेळ. मोजपट्टी लावून जाडी पाहिली. डावीत गंजाचे खड्डे होते, तिला त्यानं कायमची सुट्टी दिली. उजवी चांगली होती. "आता दोरी," तो म्हणाला.

त्याच्याकडं ट्रकचा एक जुना टायर होता. संशयाची बंदूक आली की कयाधूच्या काठाला, जिथं माणसाची वर्दळ नाही अशा खोलगट जागी, तो टायर न्यायचा, बंदूक त्यात आवळून बांधायचा, तोंड मातीच्या दरडीकडं, आणि चापाला लांब दोरी लावून मोठ्या खडकाआडून ओढायचा. नळी फाटायचीच असली तर टायरपाशी फाटू दे.

रामकिशन बांधाबांध करत होता. सत्यभामाबाई दूर एका झाडाखाली देवीचं नाव घेत बसल्या होत्या. मसाजी खडकाआड चांगुणाच्या शेजारी उकिडवे बसले. जरा वेळानं म्हणाले, "चांगुणाताई, आता तिला पहाटं उठायची गरज न्हाई, न्हाई का?"

चांगुणानं मान वळवली नाही. "कुणाला?"

"बिब्ब्याचा वास काय मला येत न्हाई? मेंढरं राखतो मी. दर खंडेनवमीला घरभर वास, आन् ही म्हनते, पायात काटा मोडला. एवढ्या वर्षांत त्याच दिशी काटा."

"मंग बोलला काहून न्हाई दादा?"

"काय बोलू? एवढ्या पहाटं उठते. जीव लावून काढते. अन् मला वाटायचं, ही फिका झालेला गिरवते. खाली खरा असंल. तेच तं आज भ्या व्हतं. खाली खरा निघाला तं बार गेला." त्यांनी दरडीकडं पाहिलं. "तिला सांगू नका मला ठावं हाय म्हनून."

चांगुणाला हसू आवरेना. तिनं तोंडात पदर कोंबला. तिला वाटलं, या नवरा-बायकोचं सगळं माझ्याच पोटात कोंबून दोघं मोकळी होणार. पण ती म्हणाली, "न्हाई सांगत."

"दोरी मी ओढू का?" मसाजींनी रामकिशनला हाक मारून विचारलं.

"ओढा. डोकं वर काढू नका."

मसाजींनी दोरी ओढली. नदीकाठची सगळी पाखरं एकदम उठली. आणखी एकदा. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी रामकिशन जाऊन नळी सोडवायचा, बाहेरून बोटानं आणि आतून उजेडानं तपासायचा, पुन्हा बांधायचा. तिसऱ्यांदा तपासून झाल्यावर तो परत आला आणि बंदूक मसाजींच्या हातात दिली.

"व्हय," तो म्हणाला. "फकस्त उजवी. फकस्त बार."

दसऱ्याला चांगुणा नवऱ्याला घेऊन माहेरी गेली. गावाला रामकिशनच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि तिला बार ऐकायचा होता. ऊन उतरलं तेव्हा वाजंत्री पुढं घेऊन सगळा गाव शिवेकडं निघाला. मसाजींच्या खांद्यावर दुनळी, डोक्याला नवं मुंडासं. शीव जवळ आली तसे लोक नळीकडं बघून कुजबुजू लागले. नळी कोरी होती, नुसती निळसर झाक मारत होती.

शिवशंकरही आपली नवी बंदूक घेऊन आला होता, न जाणो म्हणून. तो पुढं आला. "दादा, साप कुठं गेला?"

सत्यभामाबाई बायांच्या घोळक्यात होत्या. चांगुणाला त्यांचा हात आपल्या दंडावर आवळलेला जाणवला. शेजारी रागिणी मान उंच करून बघत होती.

मसाजींनी बंदूक खांद्यावरून उतरवली, घोडा चढवला. "कात टाकली," ते म्हणाले.

घोळक्यात कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले, शिवशंकरलाही हसावं लागलं. तरी तो म्हणाला, "मिस्त्रींनी व्हय म्हनलंय का, ते सांगा."

सगळ्यांच्या माना रामकिशनकडं वळल्या. एवढ्या लोकांसमोर बोलायचं म्हणजे त्याला संकटच. तो खाकरला. "पोलाद हाय. जर्मनचं. तीन डाव उडवून बघितलं. उजवीनं उडवा." एवढं बोलून तो चांगुणाच्या मागं जाऊन उभा राहिला.

"बाजूला व्हा," मसाजी म्हणाले.

लोक मागं सरले. वाजंत्री थांबली. मसाजींनी पाय रोवले, नळी आभाळाकडं केली आणि उजवा चाप ओढला. चांगुणा दचकली, लहानपणी दचकायची तेवढीच. बांधापलीकडची मेंढरं एका बाजूला पळाली, धुराचा एक पांढरा गोळा शिवेवर तरंगला आणि त्याच्या मागून गावानं हर हर महादेव म्हटलं.

मसाजी खांदा चोळत उभे होते. सत्यभामाबाई गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेल्या.

"लागलं का?"

"न्हाई."

"मंग काहून उभे? पाय उचला. मागं गाव खोळंबला."

मसाजींनी नळी बिजागरीवर खाली वाकवून रिकामं काडतूस काढलं, बायकोच्या हातात दिलं आणि शीव ओलांडली.